डोंगरावर घरचं बोलायचं नाही

नाना, आधी भांडून घेतो. रडायचं नंतर बघू.

तुम्ही गेलात ते मला संध्याकाळी कळलं, आणि तेही पुण्याहून. सकाळी केळीच्या बागेत ठिबकचा कॉक फिरवायला वाकलात, तिथेच बांधावर बसलात आणि बसलात ते उठलाच नाहीत. रावेरपासून दीपनगर ते केवढं! केळीने भरलेला ट्रकसुद्धा ठिकठिकाणी चहा पीत दुपारच्या आत येऊन पोचतो. पण ही बातमी आधी पुण्याला गेली. माझ्या मुलाला, प्रशांतला, सकाळीच कोणीतरी कळवलं होतं. त्याने ती दिवसभर खिशात ठेवली आणि ऑफिस सुटल्यावर फोन केला. "पप्पा, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नाही," म्हणाला. मी विचारलं, कसला त्रास? तर म्हणे, "आता आपण तिकडे जाणं कसं दिसेल..."

कसं दिसेल! मी तसाच चपला घालून निघालो. भुसावळला सावद्याच्या गाडीची वाट पाहण्यात जीव गेला. तुमच्या अंगणात पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येऊन हातपाय धूत होती. कोणीतरी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. तुमचं तोंडही पाहायला मिळालं नाही, आणि खुर्चीवर बसून काय करू?

मी कोणावर चिडू, हे तरी सांगा. तुमच्या दीपकवर चिडावं, तर पोरगा बापाला खांदा द्यायच्या गडबडीत. स्वातीवर चिडावं, तर ती बिचारी भिंतीला टेकून बसलेली. तुमची लेक स्वाती, माझी सून. अजून तरी सून. तिने आणि प्रशांतने वेगळं व्हायचं ठरवलं, कोर्टात दोघांनी मिळून अर्ज केला, त्याला आता दिवस झाले. तेव्हापासून तुमच्या घरचे मला आणि माझ्या घरचे तुम्हाला काय समजायचं, या घोळात आहेत. व्याह्यांना कळवायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही व्याही आहोत की नाही, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून माझं तुम्हाला खांदा देणं राहिलं.

तुम्हाला आठवतं का, आपली सुरुवातच भांडणाने झाली होती. लग्नाच्या आदल्या रात्री तुमच्या मांडवातली वीज गेली. हळदीचं ताट हातात घेऊन बायका अंधारात उभ्या, आणि तुम्ही भर मांडवात माझा दंड धरून ओरडलात, "व्याही वीज बनवता अन् माह्या मांडवात अंधार!" सगळा मांडव हसला. मी औष्णिक केंद्रात बॉयलरवर नोकरी केली, वीज बनवली, पण ती कुठल्या मांडवात जाते यावर माझा काय ताबा? हे मी तुम्हाला त्या रात्री समजावलं, नंतरही कितीदा समजावलं. तुम्हाला ते समजायचंच नव्हतं. पुढे तुमच्या शेतातली वीज गेली की माझा फोन वाजायचा. रामराम नाही, कसे आहात नाही. "व्याही, बटन दाबा. केयी सुकून राह्यली." मी म्हणायचो, नाना, मी रिटायर झालो. तुम्ही म्हणायचे, "मंग जाता जाता बटन कोनाले देल्लं त्याचा नंबर द्या." त्या फोनवर आपलं अर्धा-अर्धा तास चालायचं. माझी बायको म्हणायची, तुमची वीज येईपर्यंत नाना फोन ठेवत नाहीत.

अर्ज कोर्टात गेला आणि तो फोन बंद झाला.

वीज जात होती, हे मला माहीत होतं. रावेर भागात किती वेळ भारनियमन आहे ते मी आजही बघतो, खोड जात नाही. आज यांचे पंप बंद असणार, असं म्हणून मी मोबाइल जवळ घेऊन बसायचो. तुम्हाला वाटलं असेल, आता कोणत्या तोंडाने फोन करायचा. मलाही तेच वाटायचं. पोरांचं म्हणाल तर त्यांचं मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. दोघंही चांगली आहेत. एका घरात आली की दोघंही कडू होत होती. आपण मध्ये पडून बघितलं, तुम्ही पुण्याला जाऊन आलात, मी जाऊन आलो. नाही जमलं तर नाही जमलं. पण त्यांचं जमलं नाही म्हणून आपलं का तुटावं? मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की नाना, कोर्टात काय व्हायचं ते होऊ द्या, तुम्ही मला फोन करणं सोडू नका.

एवढंच. एका श्वासात होणारं वाक्य. पण हे फोनवर कसं म्हणणार? साठी उलटलेल्या माणसाने दुसऱ्या म्हाताऱ्याला, "मला तुमच्याशिवाय करमत नाही" असं फोनवर सांगायचं? जीभच वळेना. म्हणून मी युक्ती केली. दरवर्षी शिवरात्र झाली, गर्दी ओसरली की तुम्ही सातपुड्यात झिरीच्या महादेवाला पायी जायचे. दरवर्षी मला बोलवायचे आणि दरवर्षी मी गुडघ्याचं कारण सांगायचो. या वर्षी मीच फोन केला आणि म्हटलं, नाना, मी येतो. मग तुम्ही म्हणालात, "या. बूट चांगले घाला."

मला वाटलं, सबंध दिवस हाताशी आहे. चढताना नाही तर उतरताना, कुठेतरी सावलीत बसून बोलून टाकू.

पायथ्याच्या पाड्यावर जीपमधून उतरलो तर तो शेंदूर फासलेला दगड. तिथे सगळे नारळ फोडत होते आणि एकमेकांना "भोले" म्हणत होते. एक पोलीसही भोले, त्याच्याकडे पाहून वाट बदलणारा तोही भोले. मला ते आवडलं. मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तुम्ही माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "भोले, ह्या दगडाच्या पुढे घरचं बोलाचं नही. घर, शेत, पोरं, सोयरिक, सारं अठीच ठेवाचं. परत आल्यावर उचलाचं. ह्या डोंगराचा नियमच हाये तसा."

मी म्हटलं, "नाना, पण मला जरा..."

"नाना नही. भोले."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी उगवतीपासून मावळतीपर्यंत खाल्ला.

रस्ता तरी कसला! एकच नाला, त्याला जाऊ तिथे आडवा यायची हौस. ओलांडला की परत पुढे, ओलांडला की परत पुढे. दगड शेवाळलेले. माझे बूट नवे, तुमच्या पायात त्या झिजलेल्या रबरी चपला, आणि घसरायचो मी. प्रत्येक वेळी तुम्ही पाण्यात उभे राहून हात पुढे करायचे. तुमचा हात धरून मी पलीकडे जायचो आणि वाटायचं, आत्ताच बोलावं, हात हातात आहे. तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचे, "खाली पाहा भोले, खाली पाहा."

पळस नुसता पेटला होता. सागाची पानं पायाखाली कुरकुरत होती. आपल्या पुढे धुळ्याकडच्या बायकांचा घोळका चालला होता. त्यातली एक सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या नणंदेचं पुराण सांगत होती. नणंदेने पितळी घागर कशी नेली, परत कशी दिली नाही, वर कसं तोंड वाकडं केलं. मी तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, "भोले, हे घरचं नाही का?" तुम्ही चपलेतला खडा झटकलात. मग म्हणालात, "त्या नव्या हायेत. त्याईले माहीत नही."

आणि मी मान डोलावली! चाळीस माणसांच्या पाळीवर हुकूम चालवलेला मी, यंत्राचा काटा जरा हलला तर कारण विचारणारा मी, तुमचं बोलणं ऐकून मान डोलावली.

मधल्या टेकाडावर लोक दगडावर दगड रचून घरं करतात. महादेवाने घर द्यावं, घरात सुख द्यावं म्हणून. सगळं टेकाड अशा चिमुकल्या घरांनी भरलेलं. तुम्ही उन्हात गुडघे टेकून घर रचायला बसलात. चपटे दगड शोधून आणलेत, एकही हलता कामा नये म्हणून फटीत खडे कोंबलेत. मला विचारायचं होतं, हे कोणाचं घर, नाना? स्वातीचं? प्रशांत-स्वातीचं? पोरांचं परत जुळावं अशी आस अजून आहे का तुम्हाला? तसं असेल तर माझं वाक्य ऐकून तुम्हाला काय वाटेल? मी तर पोरांचं तुटलं असं धरूनच आलो होतो. म्हणजे घर रचायला परवानगी आणि घराबद्दल बोलायला बंदी! हा कुठला न्याय? मी रागाने लांब जाऊन बसलो आणि गुडघा चोळत राहिलो. तुम्ही घर पुरं करून आलात, पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढलीत, माझी पँट वर सारलीत आणि गुडघ्याला तेल जिरवलंत. येताना बरोबर घेऊन निघाला होतात तुम्ही ते तेल, माझ्या गुडघ्यासाठी. मी तुमच्यावर चिडलो होतो आणि तुम्ही माझे पाय चेपत होतात. लोक बघत होते. व्याह्याने व्याह्याचे पाय धरायचे असतात ते लग्नात, रीत म्हणून. ही कुठली रीत होती?

दुपारी मोहाच्या झाडाखाली तुम्ही फडकं सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि तुमच्या बागेतली केळी. तिथे मी शेवटचा प्रयत्न केला. सरळ येत नव्हतं तर आडून यावं म्हटलं. आमच्या कॉलनीतल्या एका खोट्या शेजाऱ्याची गोष्ट रचली. म्हटलं, आमच्याकडे एक जण आहेत, त्यांच्या मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही, पण त्या दोन व्याह्यांनी मात्र येणंजाणं ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असंच. तुम्ही केळं सोललंत. अर्धं मला दिलंत.

"भोले," म्हणालात, "तुमचा शेजारी बी घरचाच झाला. खाली उतरल्यावर सांगजा त्याचं."

देवळात गेलो. देऊळ कसलं, कपार. वरून पाणी थेंबथेंब पिंडीवर गळतं. तुम्ही हात जोडून उभे राहिलात ते हलेचनात. मागची माणसं खोळंबली. बाहेर आल्यावर मी खवचटपणे विचारलं, "देवाशी घरचं बोललेलं चालतं वाटतं?"

"त्याच्याशी चालते," तुम्ही म्हणालात. "तो उत्तर देत नही."

आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मला फक्त इतकंच कळलं की या माणसाला मी आज हरवू शकत नाही.

उतरताना मी मुकाट चाललो. ठरवलं होतं, पायथ्याचा दगड आला रे आला की बोलायचं. तुम्ही दमला होतात. मध्येमध्ये झाडाला हात लावून उभे राहायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, पळस पाहून राह्यलो. मी ते खरं मानलं. छातीत काही होत होतं का हो तुम्हाला तेव्हाच? तेही घरचंच होतं का, न बोलण्यासारखं? दगड आला. तुम्ही कपाळ टेकलंत, उठलात, आणि मी "नाना" म्हणेपर्यंत तुमच्या गावची पाच-सहा माणसं येऊन चिकटली. जीप भरली. तुम्ही पुढे ड्रायव्हरजवळ बसलात, मी मागे कोणाच्या तरी नारळाच्या पोत्यावर. गावात पोचलो तर घरात पाहुणे. मला शेवटची गाडी गाठायची होती. फाट्यावर सोडायला आलात तेव्हा दीपक मोटारसायकल चालू ठेवूनच उभा. मी म्हटलं, "नाना, माझं बोलायचं राहूनच गेलं." तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. "राहू द्या व्याही," म्हणालात. "राह्यलं तर येनं होते."

दिवसभर भोले, भोले केल्यावर फाट्यावर तेवढं एकदा व्याही म्हणालात. गाडीत मला वाटलं, चला, म्हणजे पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष सोडा, पुढचा महिनाही पुरता झाला नाही.

आता काल काय झालं ते सांगतो. तुमचा दहावा होता.

घरी कोणालाच माझं जाणं पसंत नव्हतं. प्रशांत फोनवर म्हणाला, "पप्पा, तिथे सगळे तुमच्याकडे बघतील." ही म्हणाली, "जा, पण मागे उभे राहा. जेवायला थांबू नका." व्याही म्हणून दुखवट्याचं टॉवेल-टोपी न्यायची असते, ती घेऊ की नको यावर आमचं सकाळी वाजलं. मी काहीच न घेता गेलो.

तापीच्या काठावर माणूस मावत नव्हता. तुम्ही एवढी माणसं जोडली होती, हे मला माहीत नव्हतं. मीच एकटा समजत होतो स्वतःला. घाटाच्या पायरीवर तुमचे भाऊबंद रांगेत बसलेले, न्हावी एकेकाचं डोकं उतरवत पुढे सरकत होता. मी सांगितल्याप्रमाणे मागे, लिंबाखाली उभा राहिलो. शेजारी एक उंच म्हातारा होता, पांढरं धोतर, डोळे सुजलेले. तुमचे शिरपूरकडचे युवराजभाऊ. झिरीच्या महादेवाला तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं चढलेले, या वर्षी मात्र आले नव्हते. त्यांनीच मला ओळखलं. "तुम्हीच ना ते वीजवाला व्याही?" म्हणाले. मला बरं वाटलं. मग मी त्यांच्यापाशी गाऱ्हाणं केलं. म्हटलं, त्या डोंगराच्या नियमाने माझा घात केला. दिवसभर बरोबर होतो आणि घरचा एक शब्द बोलता आला नाही.

युवराजभाऊ माझ्याकडे वळले. "कोनता नियम?"

"घरचं बोलायचं नाही तो."

"असा काही नियम नही शे हो," ते म्हणाले. "आम्ही ते चढता चढता बठ्ठा संसार काढतस. सुननं गाऱ्हानं, भाऊनं भांडन, बठ्ठं तठेच. त्यानाकरताच जातस!"

बठ्ठा म्हणजे सगळा एवढं कळलं, पण बाकीचं मला आधी कळेचना. मग त्यांनी डोळे पुसले आणि हळू आवाजात सांगितलं. तुम्ही यात्रेच्या आदल्या दिवशी त्यांना फोन केला होता. या वर्षी येऊ नका म्हणून सांगायला. "नाना माले बोलना, यंदा व्याही सोता येवानं म्हनी राह्यनात. नातं तोडानं बोलाले येत असतीन. बोलनात म्हनजे संपनं. मी त्यासले बोलूच देवाव नही. एक दिन तरी व्याही म्हनीसन संगे चालू."

नाना, अहो नाना!

मी नातं तोडायला येत होतो? मी? गुडघ्याची वाटी सरकलेली असताना तो डोंगर चढलो, नाल्यात घसरलो, तुमची थट्टा सोसली, ते नातं तोडायला? तोडायचं असतं तर दीपनगरला पंख्याखाली बसून तोडलं असतं! इतकी वर्षं मला ओळखता आणि एवढंही ओळखलं नाही? आणि मी तरी काय ओळखलं तुम्हाला? तुम्ही घाबरला होतात आणि मला वाटत होतं, तुम्ही मला खेळवताय. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात. आपण दोघांनी एकच सोनं उन्हातान्हात वर नेलं आणि तसंच खाली आणलं. आणि तो नियम! देवाच्या नावावर खुशाल खोटा नियम केलात, कपाळाला भस्म लावून! त्या नणंदवाल्या बाईला "नवी" ठरवलंत! मला लिंबाखाली एकाच वेळी हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्हीपेक्षा जास्त आला तो राग. इतका राग की उभं राहवेना.

मी गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरलो आणि भाऊबंदांच्या रांगेत शेवटी जाऊन बसलो. टोपी काढून मांडीवर ठेवली.

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. कोणीतरी दीपकला खुणावलं. तो अर्धं डोकं उतरवलेल्या अवस्थेतच उठून आला, माझ्यापुढे वाकला. "आबा," म्हणाला, "तुम्हाले नही बसा लागत अठी. हे भाऊबंदाईचं असते. तुम्ही व्याही."

"व्याही होतो," मी म्हटलं. माझा आवाज चढला, घाटावर सगळ्यांना ऐकू गेला असणार. "ते आता कोर्टात आहे. महिन्या-दोन महिन्यांत सुटेल. मग मी नानांचा कोण? सांग. मी कोणीच नसेन तर इथे येऊन रडतोय कोण?"

न्हावी वस्तरा धरून थांबलेला. तुमचे चुलतभाऊ काहीतरी पुटपुटले, रीत नाही म्हणाले. रीत! रिती कशा होतात ते मला त्या लिंबाखाली नुकतंच कळलं होतं.

मग दीपकने तांब्या उचलला, तापीत बुडवला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. हाताने केस भिजवले, कानामागे, मानेवर, अगदी नीट. न्हाव्याला म्हणाला, "करा."

वस्तऱ्याखाली मान घालून मी ते राहून गेलेलं, फोन सोडू नका म्हणायचं वाक्य बोललो, नाना. मोठ्याने. कोणाला काही कळलं नसेल. न्हावी म्हणाला, हलू नका.

तिथून तुमच्या घरी गेलो. जेवायला थांबायचं नाही असं घरून बजावलेलं होतं, म्हणून दारातच उभा राहिलो. डोक्याला ऊन झोंबत होतं. वर्षानुवर्षं डोक्यावर काय आहे ते कळत नाही, गेल्यावर कळतं. स्वाती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. अर्ज झाल्यापासून ती मला कशानेच हाक मारत नाही. पूर्वी बाबा म्हणायची. आता "हे घ्या", "बसा", "येते" एवढंच. मधली हाकेची जागा रिकामी सोडून बोलते. मी तिला दोष देत नाही, ती तरी काय म्हणेल?

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग दीपकच्या डोक्याकडे, मग अंगणात बसलेल्या तिच्या चुलत्यांच्या डोक्यांकडे, आणि परत माझ्याकडे. तांब्या हातातच राहिला.

"काका," ती म्हणाली, "ऊन लागेल. आत या."

मी आत गेलो.